व्हे सोसत नाही, म्हणजे नेमकं काय सोसत नाही?

स्कूपभर व्हे पावडर, म्हणजे जिममध्ये घेतात ती दुधातल्या प्रथिनांची पावडर, शेकरमध्ये हलवून प्यायली, तासाभरात पोट डब्ब झालं, गॅस धरला, दोनदा संडासला पळावं लागलं. दुसऱ्या कुणी त्याच डब्यातली पावडर प्यायली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. जिममध्ये दोघांचंही निदान एकच होतं, ‘तुला व्हेची ॲलर्जी आहे’, आणि दोघांना सल्लाही एकच मिळतो, ‘आयसोलेट घे’, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढून टाकलेली व्हे पावडर घे. पहिल्याला हा सल्ला कदाचित लागू पडेल. दुसऱ्याने तो मानला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

दोघांच्या शरीरात घडलं ते वेगवेगळं. पहिल्याला पावडरमधलं काहीतरी पचलं नाही. ती पचनाची अडचण, त्रासदायक पण धोक्याची नाही, आणि बहुतेकदा प्रमाणावर अवलंबून असते. अर्धा स्कूप घेतला तर अर्धा त्रास. दुसऱ्याचं प्रकरण रोगप्रतिकारशक्तीचं आहे. शरीराने एका प्रथिनाला शत्रू ठरवलं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं तयार केली. ही प्रतिपिंडं त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात मास्ट पेशींवर बसून असतात. तेच प्रथिन पुन्हा आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम ओततात. इथे थोडंसं प्रमाणही पुरतं. चमचाभर सांडलेली पावडर पुसून त्याच शेकरमध्ये दुसरं काही प्यायलं तरी त्रास होऊ शकतो.

यात एक गोष्ट नेहमी उलटी समजली जाते. ‘पहिले दोन डबे संपले तेव्हा काहीच झालं नाही, मग आता ॲलर्जी कशी?’ ॲलर्जी असतेच अशी. प्रतिपिंडं तयार व्हायला आधी त्या प्रथिनाशी ओळख व्हावी लागते. ती ओळख होत असताना बाहेर काहीच दिसत नाही. त्यामुळे आधी सोसत होतं हा ॲलर्जी नसल्याचा पुरावा होत नाही.

दुसरा युक्तिवाद दुधाचा. ‘लहानपणापासून दूध पितोय, मला दुधाची ॲलर्जी कशी असेल?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी व्हे म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं की खाली हिरवट-पिवळसर पाणी ठिबकत राहतं. साधारण तेच पाणी चीजच्या कारखान्यात टाक्या भरभरून निघतं. ते गाळतात, त्यातली साखर आणि क्षार कमी करतात, सुकवतात, आणि त्याची पावडर होते. पण घरच्या पाण्यात आणि कारखान्याच्या पाण्यात एक महत्त्वाचा फरक आहे. आपण विरजण लावण्याआधी दूध चांगलं उकळतो. उकळल्यावर व्हेमधली बरीचशी प्रथिनं आपली घडी मोडून केसिनला, म्हणजे दुधातल्या दुसऱ्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. चीजसाठीचं दूध नुसतं पाश्चराइज केलेलं असतं, म्हणून व्हे प्रथिनं मूळ आकारात पाण्याबरोबर बाहेर येतात. पुढची प्रक्रियाही मुद्दाम बेताच्या उष्णतेवर करतात, कारण पावडर पाण्यात विरघळायला हवी असते.

हा आकाराचा मुद्दा ॲलर्जीत फार मोलाचा आहे. व्हेमधलं सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. ते आईच्या दुधात नसतंच. ते उष्णतेने उलगडतं, आणि काही जणांची प्रतिपिंडं त्याच्या आकारालाच ओळखत असतात. आकार मोडला की ओळख पटत नाही. म्हणून दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना कच्चं किंवा पाश्चराइज केलेलं दूध चालत नाही, पण ओव्हनमध्ये भाजलेला केक चालतो. केसिनची गोष्ट वेगळी. ते उकळूनही फारसं बदलत नाही, त्यामुळे केसिनची ॲलर्जी असलेल्याला खवाही चालत नाही आणि पनीरही नाही.

आता प्रमाण बघा. गाईच्या लिटरभर दुधात साधारण 32 ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातली सुमारे 80 टक्के केसिन आणि 20 टक्के व्हे. म्हणजे लिटरभर दुधात व्हे प्रथिनं सहा-साडेसहा ग्रॅमच्या आसपास. पावडरच्या एका स्कूपमध्ये ती 24 ग्रॅम असल्याचं लेबल सांगतं. पावणेचार लिटर दुधातली व्हे प्रथिनं, न उकळलेल्या रूपात, अर्ध्या मिनिटात पोटात. रोज दोन कप चहा आणि वाटीभर दही खाणाऱ्या माणसाच्या शरीराने हा प्रसंग कधीच पाहिलेला नसतो. घरचं दूध सोसतं म्हणून पावडर सोसेलच, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

मोठेपणी नव्याने दुधाची ॲलर्जी होणं दुर्मीळ आहे, हेही सांगायला हवं. ती बहुतेकदा तान्हेपणी सुरू होते आणि पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते. पण मोठेपणी झाली तर ती चिवट असते आणि जोरदार असू शकते. नवी ॲलर्जी फक्त तोंडावाटेच होते असंही नाही. जपानमध्ये 2010च्या आसपास चेहरा धुण्याच्या एका साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. त्या साबणात गव्हाचं तोडलेलं प्रथिन, म्हणजे हायड्रोलायझेट, घातलेलं होतं. लोकांनी ते खाल्लंच नव्हतं. ते रोज कातडीला आणि डोळ्यांना लागत होतं, आणि नंतर साधी पोळी-ब्रेड खाऊन त्यांना रिॲक्शन येऊ लागली. ‘हायड्रोलाइज्ड आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असं डब्यावर किंवा दुकानात सांगितलं जातं तेव्हा हे लक्षात ठेवावं. दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांसाठीच्या पावडरींमध्ये प्रथिनं खूप बारीक तोडलेली असतात आणि त्या तपासून विकल्या जातात. जिमच्या डब्यातलं हायड्रोलायझेट लवकर शोषलं जावं म्हणून तोडलेलं असतं, ॲलर्जी टळावी म्हणून नव्हे.

आता पोटाच्या तक्रारीकडे, कारण त्रास होणाऱ्यांतले बहुतेक या गटात असतात.

दोष नेहमी लॅक्टोजवर टाकला जातो. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात असतं. जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये ते लहानपणानंतर कमी होत जातं. भारतात उत्तरेकडे ते टिकून राहिलेल्यांचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे कमी. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू तिच्यापासून हायड्रोजनसारखे वायू तयार करतात. डब्ब पोट, गुडगुड आणि पातळ संडास हे त्याचेच परिणाम. जोरदार जुलाब किंवा आतड्याचं आजारपण होऊन गेल्यावर हे विकर काही आठवडे कमी पडू शकतं आणि मग पूर्ववत होतं. ‘गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं’ म्हणणाऱ्या काहींचं उत्तर इथेच असतं.

पण हिशेब करून बघितला तर लॅक्टोजवरचा आरोप अनेकदा टिकत नाही. 30 ग्रॅम व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे कमी गाळलेल्या साध्या पावडरमध्ये, लॅक्टोज साधारण दीड-दोन ग्रॅम असतं, आयसोलेटमध्ये त्याहूनही किती तरी कमी. लॅक्टेज कमी असलेली बहुतेक माणसंही एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता पचवतात. मग दोन ग्रॅमने पोट कसं बिघडेल? काही फार संवेदनशील लोकांचं बिघडतंही, पण आधी पावडर कशात घातली ते विचारावं. 300 मिलिलिटर दुधात घातली असेल तर दुधातलंच लॅक्टोज 14 ग्रॅमच्या घरात गेलं. दोष डब्याला मिळाला, काम पातेल्यातल्या दुधाने केलं. मास गेनर, म्हणजे वजन वाढवण्यासाठीची पावडर असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. एका वेळची मात्रा शंभर ग्रॅमच्या वर, त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून केलेलं कर्बोदक, आणि वर अर्धा लिटर दुधात घ्यायची सूचना. एवढं गोड, घट्ट मिश्रण घटाघट प्यायल्यावर कुणाचंही पोट कुरकुरेल. तेही स्क्वॉट्स मारून आल्या आल्या, जेव्हा रक्त पायांच्या स्नायूंकडे वळलेलं असतं आणि आतड्याला त्याचा वाटा कमी मिळतो.

म्हणून स्वस्तातली आणि घरी करता येण्यासारखी तपासणी अशी. पावडर दोन आठवडे पूर्ण बंद. त्रास थांबला, तर तीच पावडर अर्धा स्कूप, फक्त पाण्यात, व्यायाम नसलेल्या दिवशी, हळूहळू. दुसऱ्या एखाद्या दिवशी पावडर न घालता नुसतं 300 मिलिलिटर दूध. कुणामुळे बिघडतं ते बहुतेकदा कळतं. ही तपासणी फक्त पोटाच्या तक्रारीसाठी आहे. अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, आवाज बसणं, घरघर, चक्कर यातलं एकही एकदासुद्धा झालं असेल तर घरी पुन्हा चाखून बघायचं नाही. एक थेंबही नाही.

पाण्यातल्या अर्ध्या स्कूपनेही पोट बिघडत असेल तर डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची वेळ आली. चॉकलेट चवीच्या एखाद्या नेहमीच्या डब्यावर व्हेच्या पुढे कोको पावडर, सोया लेसिथिन, झँथन गम किंवा गवारीचा डिंक, सुक्रालोज, कधी इन्युलिन, कधी ‘डायजेस्टिव्ह एन्झाइम ब्लेंड’ अशी रांग असते. इन्युलिन हा चिकोरीच्या मुळांपासून काढलेला तंतुमय पदार्थ. तो आपल्याला पचत नाही, जिवाणूंना मात्र छान पचतो, आणि गॅस होतो. प्रोटीन बारमध्ये माल्टिटॉल, सॉर्बिटॉल अशा शर्करा-अल्कोहोलचा भरणा असतो, आणि त्यांचं प्रमाण वाढलं की जुलाब ठरलेलेच. साखरमुक्त म्हणून दोन बार खाऊन पोट बिघडलेला माणूस व्हेला शिव्या देतो. पचन सुधारावं म्हणून घातलेल्या विकरांत पपईपासूनचं पपेन किंवा अननसापासूनचं ब्रोमेलेन असू शकतं. ही दोन्ही स्वतः प्रथिनं आहेत आणि काही थोड्या लोकांना त्यांचीच ॲलर्जी असते. सोया लेसिथिन पावडर पाण्यात गुठळ्या न होता मिसळावी म्हणून घालतात. त्यात सोयाचं प्रथिन नाममात्र असल्यामुळे सोयाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं, पण हे डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि ज्याची ॲलर्जी म्हणून सर्वांत जास्त घबराट होते ते अनेकदा ॲलर्जी नसतंच. प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पावडर घेतल्यावर चेहरा, कान, मान लालबुंद होऊन भाजल्यासारखं होतं, ते नायसिनमुळे, म्हणजे बी-3 जीवनसत्त्वामुळे. चेहऱ्यावर आणि बोटांना मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं, ते बीटा-ॲलनिनमुळे. दोन्ही मात्रेवर अवलंबून, आणि तासाभरात ओसरतात. ओळखायची खूण अशी की यात कातडी लाल होते किंवा झिणझिणते, पण फुगीर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत, श्वास अडत नाही. पाठीवर-खांद्यावर मुरुमं वाढली तर तीही ॲलर्जी नव्हे. व्हेमुळे इन्सुलिन आणि त्याच्या जातीची संप्रेरकं वाढतात, त्याचा तो परिणाम असू शकतो.

व्यायाम स्वतःच कधी कधी आगीत तेल ओततो. 1979 मध्ये एका धावपटूची नोंद प्रसिद्ध झाली. शिंपल्यांचा प्रकार खाऊन पळाल्यावर त्याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी सर्वांगाची ॲलर्जिक रिॲक्शन, झाला होता. पुढे अशी अनेक प्रकरणं समोर आली. नुसतं खाल्लं तर काही नाही, नुसतं पळालं तर काही नाही, दोन्ही पाठोपाठ केलं की रिॲक्शन. सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण गव्हाचं आहे. अंगदुखीवरच्या आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आणि दारू यांनी हा उंबरठा आणखी खाली येतो. जिमला जाणाऱ्याच्या संध्याकाळचा क्रम डोळ्यांसमोर आणा: पाठ दुखतेय म्हणून एक गोळी, मग शेक, मग ट्रेडमिल. आठवड्यात एखाद्याच दिवशी त्रास होतो आणि बाकी दिवशी तीच पावडर चालते, असं कुणी सांगितलं तर त्या दिवशी सोबत काय काय होतं ते विचारलंच पाहिजे.

मग व्हे सोडून काय? दुकानदार वनस्पतीजन्य प्रथिन काढून देतो. दुधाच्या ॲलर्जीवाल्याला ते खरंच उपयोगी पडू शकतं, पण ‘वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक’ हे खरं नाही. सध्या त्यात पिवळ्या वाटाण्याचं प्रथिन सर्वांत जास्त वापरतात. वाटाणा, हरभरा, मसूर, शेंगदाणा ही सगळी एकाच कुळातली, आणि त्यांची काही प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात. हरभऱ्याच्या किंवा मसुरीच्या डाळीने तोंड खाजणाऱ्याने वाटाण्याच्या पावडरचा पहिला स्कूप घरी एकटं असताना घेऊ नये. भाजीतल्या मूठभर वाटाण्यांत आणि पंचवीस ग्रॅम काढीव प्रथिनात पुन्हा तोच प्रमाणाचा फरक आहे.

इथे आपल्या लेबलच्या नियमाची एक त्रुटी आडवी येते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट हे घटक वेगळे जाहीर करावे लागतात. वाटाणा आणि हरभरा त्या यादीत नाहीत. म्हणजे ‘ॲलर्जन’ची ठळक ओळ वाचून थांबलात तर वाटाणा दिसणार नाही, घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. शिवाय लेबलवर किती भरवसा ठेवायचा हाही प्रश्न आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरींच्या तपासणीचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास 70 टक्के पावडरींमध्ये प्रथिनांचं प्रमाण लेबलशी जुळलं नाही, आणि काहींत बुरशीची विषं व कीटकनाशकांचे अंश मिळाले. तीव्र ॲलर्जी असलेल्याने सुटी विकलेली किंवा ‘मित्राने बाहेरून आणलेली’ पावडर घेणं म्हणजे शुद्ध जुगार आहे.

तीन पर्याय तर सरळ बाद करावेत. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्याला लॅक्टोजमुक्त पावडर चालत नाही, कारण त्यात साखर काढलेली असते, प्रथिन नाही. शेळीचं किंवा म्हशीचं दूध चालत नाही, कारण त्यांची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी पुष्कळ जुळतात. आणि ए-2 दुधाने काहीही फरक पडत नाही, कारण ए-1 आणि ए-2 मधला फरक बीटा-केसिनच्या साखळीतल्या एका अमिनो आम्लाचा आहे. एवढ्याने ॲलर्जी फसत नाही.

खात्री करायची तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेवर टोचून करायची चाचणी आणि रक्तातल्या विशिष्ट आयजीईची चाचणी होते. शंका उरलीच तर रुग्णालयात, औषधं हाताशी ठेवून, थोडं थोडं खायला देऊन बघतात. त्वचेच्या चाचणीआधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, ते आधीच विचारून घ्यावं. लॅक्टोजसाठी श्वासातल्या हायड्रोजनची वेगळी चाचणी असते. याखेरीज एक ‘फूड इनटॉलरन्स पॅनेल’ घरपोच विकलं जातं. रक्त घेऊन शंभर-दोनशे पदार्थांची लाल-पिवळी यादी हातात देतात. ही चाचणी आयजीजी प्रतिपिंडं मोजते, आणि ती प्रतिपिंडं बहुतेकदा एवढंच सांगतात की तुम्ही तो पदार्थ खाता. युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच स्पष्ट केलंय की निदानासाठी ती वापरू नये. तरी लोक हजारो रुपये मोजतात आणि गहू, दूध, टोमॅटो, वांगं सगळं सोडून बसतात.

एक तक्रार या दोन्ही गटांत बसत नाही. घास छातीत अडकतो, प्रत्येक घासाबरोबर पाणी प्यावं लागतं, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय. अन्ननलिकेला इओसिनोफिल पेशींमुळे सूज येणारा एक आजार असा असतो. तरुण पुरुषांत तो जास्त आढळतो, आणि दूध हे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण. त्याला पोटाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी लागते.

आणि प्रत्यक्ष रिॲक्शन आलीच तर? गांधींसोबत श्वासाचा त्रास, आवाज बदलणं, चक्कर किंवा वारंवार उलट्या असतील तर 108ला फोन करा, आणि काय झालंय ते सांगताना ‘ॲलर्जी, श्वास अडतोय’ हे आधी सांगा. माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर. धाप जास्त असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका आणि चालवत बाथरूमपर्यंत नेऊ नका. अचानक उठवल्याने रक्तदाब कोसळतो. या वेळी कामाचं औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिन. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, घशाची सूज थांबवत नाही, म्हणून गोळी देऊन ‘बघूया’ म्हणत बसायचं नाही. बरं वाटल्यावरही काही तास रुग्णालयात थांबवतात, कारण काही जणांना दुसरी लाट येते.

डॉक्टरांकडे जाताना डबा सोबत न्या, फेकून देऊ नका. गरज वाटल्यास ते त्याच पावडरने चाचणी करू शकतात. घटकांच्या यादीचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. कागदावर लिहून न्या: किती वाजता प्यायलं, पाण्यात की दुधात, किती मिनिटांनी काय झालं, व्यायाम आधी होता की नंतर, त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती. गांधी उठल्या असतील तर त्यांचाही फोटो, कारण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्या मावळलेल्या असतात. आणि उरलेली पावडर जिममधल्या दुसऱ्या कुणाला अर्ध्या किमतीत द्यायची असेल, तर ती का विकताय ते त्याला सांगूनच द्या.